दोन टोकांवरून सातत्य मोजू नका

आज बोलायचंय चतुर्थकांबद्दल, पण सुरुवात क्रिकेटपासून करते. साल १९७१, भारताचा वेस्ट इंडीज दौरा. त्या कसोटी मालिकेत सुनील गावसकर यांनी ७७४ धावा केल्या आणि मूळचे मडगावचे दिलीप सरदेसाई यांनी ६४२. दोघांचेही डाव आठ. प्रश्न एवढाच, की जास्त सातत्य कोणाचं?

मी पहिल्यांदा हे गणित मांडलं, तेव्हा घाईनं सर्वांत मोठ्या धावसंख्येतून सर्वांत लहान वजा केली. गावसकर: २२० वजा १, म्हणजे २१९. सरदेसाई: २१२ वजा ३, म्हणजे २०९. फरक कमी, म्हणून सरदेसाई अधिक सातत्याचे! उत्तर काही पटेना. चूक माझीच होती. आठांपैकी मी दोनच डाव पाहिले होते, मधल्या सहांना विचारलंच नव्हतं.

मग सगळे डाव चढत्या क्रमानं लिहिले.

गावसकर: १, ६४, ६५, ६७, ११६, ११७, १२४, २२०.
सरदेसाई: ३, २१, २४, ४५, ७५, ११२, १५०, २१२.

आता प्रत्येक ओळीचे चार-चार आकड्यांचे दोन भाग करा. खालच्या भागाचा मध्यक म्हणजे पहिलं चतुर्थक, वरच्या भागाचा मध्यक म्हणजे तिसरं. गावसकरांची चतुर्थकं ६४.५ आणि १२०.५, त्यांच्यातलं अंतर ५६. सरदेसाईंची २२.५ आणि १३१, अंतर १०८.५. जवळजवळ दुप्पट! काही पुस्तकांत चतुर्थकं काढायची रीत थोडी वेगळी असते. तिनं आकडे किंचित बदलतील, निष्कर्ष नाही.

गंमत बघा, गावसकरांनी २२० ऐवजी ३२० केल्या असत्या, तरी ते ५६ जागचं हललं नसतं. टोकाचा एखादा डाव चतुर्थकांना फसवू शकत नाही.

पण थांबा, सातत्य म्हणजे मोल नव्हे. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे ७५ धावांत पाच गडी बाद झाले होते. सरदेसाईंचे २१२ तिथून उभे राहिले, आणि त्या सामन्यात गावसकर नव्हते. चतुर्थकं पसारा किती ते सांगतात, धावांची गरज कधी होती ते सांगत नाहीत.

म्हणून घरी मुलांचे गुण आले, की सर्वांत कमी गुणांवर लगेच बोट ठेवू नका. आधी सगळे गुण चढत्या क्रमानं लिहा, मधले निम्मे पाहा. आणि मग मुलाला विचारा, त्या एका पेपरच्या दिवशी काय झालं होतं?