‘ते बंद कर’ : पब्लिक हिस्ट्रीत एमए करताना

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी काढली आहे, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, इतिहासात बीए केलंय. आता एमपीएससी सोडून दुसरं काही आहे का?" आज त्यावरच बोलते. मी पब्लिक हिस्ट्रीत एमए केलं, अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात. घरी हे सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "पब्लिक म्हणजे? बाकीचा इतिहास काय प्रायव्हेट असतो का?"

हसू नका, प्रश्न बरोबर आहे.

सोपं करून सांगते. एक इतिहास प्राध्यापक लिहितात आणि प्राध्यापकच वाचतात. दुसरा इतिहास लोकांना म्युझियममध्ये, किल्ल्यावरच्या फलकावर, माहितीपटात, एखाद्या पॉडकास्टमध्ये भेटतो. तो लोकांसाठी असतो, आणि खरं तर लोकांबरोबर मिळून करायचा असतो. तो नीट कसा करायचा याचं शिक्षण म्हणजे पब्लिक हिस्ट्री. विद्यापीठात या नावाने कोर्स सुरू झाला तो 1976 साली, कॅलिफोर्नियात सांता बार्बराला. पण काम जुनंच आहे. आपले राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली दप्तरं धुंडाळत होते, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, ते काही विद्यापीठाच्या पैशावर नाही.

आता मी याच्या नादाला कशी लागले? आम्ही लालबागचे. चाळीतली दहा बाय बाराची खोली. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? मला बीए होईपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे ज्या संपाने आमचं घर बदललं तो माझ्या परीक्षेत कधी आलाच नाही. कॉलेज सुटल्यावर आम्ही ज्या मॉलमध्ये फिरायला जायचो, ती फिनिक्स गिरणीची जागा. हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग हातात नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक आलं, 2004 सालचं. त्यात कामगार स्वतः बोलतात. वाचताना सारखं वाटत होतं, हे तर आमच्या जिन्यावरचे लोक! तिथे ठरलं.

बरं, कोर्समध्ये काय असतं? दोन वर्षं. पहिल्या सेमिस्टरला थिअरी. मग मौखिक इतिहास, अभिलेखागाराचं काम, प्रदर्शन कसं मांडायचं, डिजिटल इतिहास. एक इंटर्नशिप आणि शेवटी प्रकल्प. वर्गात सगळ्यात जास्त भांडणं झाली ती ‘एनोला गे’वरून. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं ते विमान. 1995 ला युद्धाला पन्नास वर्षं होणार म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने त्याभोवती मोठं प्रदर्शन ठरवलं होतं. बॉम्बखाली काय झालं तेही दाखवायचं होतं. माजी सैनिक चिडले, राजकारणी उतरले, आणि मूळ प्रदर्शन रद्द झालं. म्युझियमच्या संचालकांना राजीनामा द्यावा लागला. आमच्या बाईंनी विचारलं, "ज्यांनी ते युद्ध लढलं त्यांचं ऐकायचं की नाही? आणि ऐकायचं तर कुठपर्यंत?" तीन तास संपले, उत्तर मिळालं नाही. मला तेव्हा वाटलं, हा अमेरिकेचा प्रश्न आहे. थांबा, येते त्यावर.

आम्हाला लोवेलला नेलं होतं. तिथल्या कापड गिरण्या बंद पडल्या, पण 1978 साली त्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. बूट मिलमध्ये एका मजल्यावर जुने साचे अजून चालवून दाखवतात. आत जाताना कानात घालायला बोळे देतात. मी एक मिनिट ते काढून उभी राहिले. पायाखालची जमीन हादरत होती. आणि मला कळलं की आजोबा घरात एवढ्या मोठ्याने का बोलतात. लहानपणी आम्ही त्यांना हसायचो.

तर मी प्रकल्प ठरवला: आमच्या चाळीतल्या गिरणी कामगारांच्या मुलाखती. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले आणि सुरुवात आजोबांपासून केली. दोन दिवस ते छान बोलले. भोंगा, पाळ्या, खानावळी, गणपती, भजनी मंडळ. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "संपात तुम्ही गावीच होता ना?" घरात सगळ्यांना तेच माहीत होतं. आजोबा गप्प झाले. मग माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बंद कर."

मी बंद केला. मग त्यांनी सांगितलं की ते गावी नव्हते. संपाला वर्ष उलटल्यावर ते गुपचूप कामावर परत गेले होते. दुसऱ्या भागात एका ओळखीच्याकडे राहायचे, तिथून गिरणीत जायचे. माझ्या बाबांना तेव्हा विषमज्वर झाला होता. आजीचं मंगळसूत्र आधीच गहाण पडलं होतं आणि वाण्याने उधारी बंद केली होती. शेजारचा त्यांचा जिवलग मित्र शेवटपर्यंत संपावर राहिला आणि त्याची नोकरी कायमची गेली. त्याच्याशी आजोबा तीस-पस्तीस वर्षं रोज कॅरम खेळले. त्याला हे कधी सांगितलं नाही.

आता माझी अवस्था बघा. माझ्या सगळ्या प्रकल्पात याहून मोठी गोष्ट नव्हती. संपावर लिहिताना लढणारे लोक दिसतात, मधेच परत गेलेले फारसे बोलत नाहीत. इथे एक माणूस बोलला होता, आणि तो माझाच आजोबा होता. मनात आलं, नाव बदलून घालू. पण चाळीत सगळे एकमेकांना ओळखतात. ‘साचेखात्यातला, मुलाला विषमज्वर’ एवढं म्हटलं की झालं. कोण ते कळायला नाव लागत नाही.

मौखिक इतिहासात मुलाखतीनंतर संमतीपत्र घेतात. त्यात बोलणारा अटी घालू शकतो. हे वापरा, हे वापरू नका, हे अमुक काळानंतर उघडा. वर्गात तो फॉर्म मला सरकारी कागदासारखा वाटला होता. त्या रात्री मी आठवेल ते वहीत लिहिलं, सकाळी आजोबांना वाचून दाखवलं आणि विचारलं, याचं काय करू? ते म्हणाले, "मी आहे तोवर कुणाला नाही. नंतर सांग. पण गेलो एवढंच सांगू नकोस. का गेलो तेही सांग." ते मी फॉर्मवर लिहिलं. त्यांनी खाली सही केली, मराठीत, सावकाश.

माझा प्रकल्प त्या भागाशिवाय गेला. ग्रेड बरी आली, फार उत्तम नाही. आजोबा गेल्या वर्षी गेले. त्यांचा मित्र त्यांच्या आधीच गेला होता. मग मी बाबांना वही दिली. बाबांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, "रेकॉर्डिंग लाव ना, त्यांच्या आवाजात ऐकू." रेकॉर्डिंग नाहीये, बाबा. मी बंद केलं होतं.

त्या वेळी फोन चालू ठेवला असता तर? खूपदा विचार केला. तर आज आवाज असता, पण मग आजोबा बोललेच नसते. मला हे आता पटतं. बाबांना अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

आता व्यवहाराचं बोलू, कारण कमेंटमध्ये तेच विचाराल.

एक, पैसे. कर्ज काढून थेट उडी मारू नका. असिस्टंटशिप मिळते का ते आधी विभागाला मेल करून विचारा. मला दुसऱ्या सेमिस्टरपासून मिळाली, तेव्हा श्वास घेतला. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, त्यात घरभाडं निघेलच असं नाही.

दोन, नोकरी. इतिहास ‘स्टेम’मध्ये येत नाही, त्यामुळे शिक्षणानंतर तिकडे कामाला एकच वर्ष मिळतं, इंजिनिअर मित्रांसारखी तीन नाहीत. हे जायच्या आधी घरी स्पष्ट सांगा.

तीन, इथेही वाटा आहेत. बंगळुरूच्या सृष्टी संस्थेत पब्लिक हिस्ट्रीचं काम उभं राहिलं आहे. मुंबईत गोदरेजचं, पुण्यात टाटांचं अभिलेखागार आहे. पगार आयटीसारखे नाहीत, आधीच सांगते.

आणि चार, फुकटची गोष्ट. फोन तुमच्या हातात आहेच. या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर बसा. आधी विचारा, "रेकॉर्ड करू का?" ती व्यक्ती नाही म्हणाली तर फोन बाजूला ठेवा, पण उठू नका. बसून ऐका. उठल्यावर वहीत लिहा, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

पुढच्या भागात मोडी लिपी घरच्या घरी कशी शिकायची ते बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटूया.