सोनं त्यांचं, गाळ आपला
(कुर्ल्यातल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. तीस वर्षं कारकुनी केली, दुसऱ्याची टिपणं लिहिली. तुमच्यातला एक पोरगा घरी आला नि म्हणाला, "काका, मिठी नदीवर बोला." मी म्हटलं, बाबा, मिठीवर काय बोलायचं? नाकाला रुमाल लावून बोलू की रुमाल काढून? पण नंतर विचार केला. जिच्या काठावर माझा आजा मेला, बाप मेला, ती नदी मला कधी समजलीच नव्हती. खरं सांगतो, ती समजली ती साता समुद्रापलीकडे, दुसऱ्याच एका नदीच्या काठावर.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो, कॉम्प्युटरच्या कामात. रिटायर झालो तेव्हा त्यानं तिकीट काढून बोलावलं. एका रविवारी म्हणाला, "मामा, तुम्हाला इतिहास लागतो ना? चला." आणि सॅक्रामेंटोला घेऊन गेला. नदीकाठी जुनं गाव जसंच्या तसं जपलंय. लाकडी फळ्यांचे पदपथ, विटांच्या माड्या, रेल्वेचं मोठं संग्रहालय. पोरं गोळ्या चघळतायत, बाप फोटो काढतायत.

भाचा सांगत होता, मी ऐकत होतो. 24 जानेवारी 1848 ला तिथून जवळच कोलोमा इथं, जॉन सटर नावाच्या जमीनदाराच्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात, जेम्स मार्शल याला सोन्याचे कण सापडले. मग जगभरातून तीनेक लाख माणूस तिकडे धावलं. दोन नद्यांच्या संगमावर बाजार उभा राहिला, तेच हे गाव. पण गब्बर कोण झालं? कंबरभर पाण्यात उभं राहून वाळू धुणारे? नाही. सॅम ब्रॅनन नावाचा दुकानदार होता. त्यानं आधी फावडी नि घमेली विकत घेऊन ठेवली आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यात सोनं सोनं म्हणून ओरडत फिरला. सोनं खणणारा खणतच राहिला. फावडी विकणारा धनी झाला.

मी भाच्याला विचारलं, "अरे, सोनं सापडायच्या आधी इथं कोण होतं?" तो गप्प झाला. हुशार पोरगा आहे, पण हा प्रश्न कंपनीत कुणी विचारत नाही. मग घरी येऊन दोघांनी मिळून वाचलं. मूळचे आदिवासी होते. निसेनान, मिवोक. सटरच्या शेतावर तेच राबत होते, पुष्कळ वेळा जबरीनं. 1848 साली कॅलिफोर्नियात आदिवासी दीडेक लाख. 1870 पर्यंत उरले तीसेक हजार. रोगानं मेले, उपासानं मेले, आणि बंदुकीनं मारले. 1850 साली त्यांच्यासाठी एक कायदा झाला. त्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता. त्या कायद्यानं आदिवासी माणूस, त्याची पोरंसुद्धा, गोऱ्याच्या घरी कामाला जुंपता येत होती. मित्रहो, सरकार आपलं संरक्षण करायला निघालं की कायदा दोनदा वाचावा, हे मी तिथं शिकलो.

आणि चिनी मजूर. 1863 साली याच गावातून पूर्वेकडे रेल्वे निघाली. डोंगर फोडायला हजारो चिनी लावले. 1869 ला रूळ जुळले. 1882 ला कायदा करून चिनी मजुराला देशाचं दार बंद केलं. आज त्या संग्रहालयात चिनी मजुरांची आठवण ठेवलीय, हे मान्य करायला हवं. पण ती ठेवायला त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना भांडावं लागलं. आपोआप कुणी कुणाचं नाव कोरत नाही.

तिथली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात रुतून बसली. ते गाव बुडायचं. 1850 ला बुडालं. 1861-62 च्या हिवाळ्यात तर असं बुडालं की नवा गव्हर्नर शपथ घ्यायला होडीतनं गेला. मग त्यांनी काय केलं? अख्खे रस्ते उचलले. माती भरून रस्ता वर घेतला, इमारती वर घेतल्या, जुना तळमजला जमिनीखाली गेला. आज तिकीट काढून लोक तो खालचा मजला बघतात. मी तिथं उभा होतो नि मला दिसत होती 26 जुलै 2005. त्यांचा गव्हर्नर एकदा होडीत बसला आणि रस्ते वर आले. आमची वस्ती गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. आमचा रस्ता किती इंच वर आला?

आता म्हणाल, कुर्ल्यात कुठलं सोनं? दोस्तहो, तेच सांगायला उभा आहे. परत आल्यावर आपल्या चार पोरांना घेऊन मी मिठीचा काठ चालत गेलो. गाईड मीच. कुर्ल्यानं सोन्याची धाव एकदा नाही, तीनदा बघितलीय.

पहिलं सोनं पांढरं. कापूस. एप्रिल 1861 ला अमेरिकेत उत्तर-दक्षिण लढाई पेटली. दक्षिणेतला कापूस, जो काळे गुलाम पिकवत होते, तो अडकला. लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातेतला कापूस मुंबईच्या बंदरातून निघाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. म्हणजे बघा, तिकडे सॅक्रामेंटो पाण्यात होतं त्याच हिवाळ्यात इथले शेठ पैशात पोहायला लागले होते. समुद्रात भर घालायच्या कंपन्या, बँका, शेअर, नुसता सट्टा. 1865 ला लढाई संपली, भाव कोसळला, भलेभले धुळीला मिळाले. त्याच 1865 ला अमेरिकेत घटना बदलून गुलामगिरी बंद झाली. एकाच सालात तिकडे गुलाम सुटला नि इकडे शेठ बुडाला. इथले व्यापारी रडत होते ते भावासाठी. त्या सुटलेल्या माणसाची बाजू ओळखली ती पुण्याच्या एका माळ्यानं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. आपला जमाखर्च मांडायचा तर त्या वहीपासून मांडावा लागतो.

तेजी बुडाली तरी कापूस राहिला, बंदर राहिलं, रेल्वे राहिली. गिरण्या वाढत गेल्या. आमची फेरी सुरू झाली चुनाभट्टीतून. तिथं धरमसी पुंजाभाईची मोठी गिरणी होती. 1886 साली जमशेटजी टाटांनी ती पडत्या भावात घेतली आणि तिची स्वदेशी मिल झाली. कुर्ली, म्हणजे खेकडी, तिच्यावरून ज्या गावाला कुर्ला नाव पडलं असं सांगतात, ते कोळ्यांचं, मिठागरांचं गाव भोंग्यावर उठायला लागलं. घाटावरून, कोकणातून माणूस आला. त्यात आपला माणूस आला. गावातल्या येसकरकीपेक्षा गिरणीची धूळ बरी म्हणून आला.

माझा आजा जुन्नरकडचा. मुंबईतल्या एका गिरणीत रिंगखात्यात होता. सूत काढायचं, तुटलेलं सांधायचं, दहा दहा तास. त्याला जायचं होतं साच्यावर, कापड विणायला. तिथं पगार जास्त. पण मुंबईच्या गिरण्यांत साचाखातं आपल्याला बंद होतं. का? तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण कामगार म्हणाले. मजूर मजूर भाई भाई, पण धोटा सोडून! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला, तेव्हा पुढाऱ्यांची पंचाईत झाली. माझा आजा हसून म्हणायचा, "अरे, ते सूत काढलेलं कुणी? मीच. माझ्या बोटातलं सूत त्यांच्या तोंडात चालतं, माझं तोंड चालत नाही." हे वाक्य कुठल्या संग्रहालयात लावाल?

गिरण्यांचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार. संप मोडला, माणसं मोडली. एकेक भोंगा गप्प झाला. आणि जमीन उरली. तेच दुसरं सोनं.

चुनाभट्टीतून आम्ही पश्चिमेला आलो, क्रांतीनगर, बैलबाजार, मग सीएसटी रोडच्या पुलावर उभे राहिलो. एका अंगाला भंगाराच्या गाळ्यांची रांग, दुसऱ्या अंगाला काचेचे मनोरे. मधून मिठी. विहार तलावाच्या सांडव्यातून निघते, पवईचं पाणी घेते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, कुर्ल्यातून माहीमच्या खाडीला मिळते. सारी मिळून अठराएक किलोमीटर. तिच्या तोंडाशी खाजण होतं, तिवरं होती. भरतीचं पाणी तिथं पसरायचं, विसावायचं. 1977 साली त्या जागेच्या नियोजनाचं काम एमएमआरडीएकडे गेलं आणि भरणी होत होत वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. आज तिथं शेअरबाजार, बँका, आणि 2010 पासून हिऱ्यांचा बाजार. जमिनीचा भाव चौरस मीटरला लाखांत. नावात कुर्ला आहे. पण कुर्ल्याची बाई तिथं जाते ती फरशी पुसायला, पोरगा जातो तो डबा पोचवायला.

पाणी मात्र जागा विसरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. वरून पाऊस, खालून भरती, मधे नदीचं आवळलेलं नरडं. आमच्या घरात पाणी पोटमाळ्याला लागलं. मी आईला खांद्यावर घेऊन पत्र्यावर चढवलं. खाली पत्र्याची ट्रंक होती. तीत आजाचा गिरणीचा पास, बापाचं जुनं रेशनकार्ड, भाड्याच्या पावत्या. सकाळी ट्रंक सापडली. उघडली तर आत चिखल. नुसता काळा चिखल.

पुढं नदी रुंद करायचं ठरलं. त्याच ऑगस्टमध्ये एक प्राधिकरण नेमलं. त्याच्याही नावात 'विकास' आहे नि 'संरक्षण' आहे. रुंदीकरण हवंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण नदी अरुंद केली कुणी, तर म्हणे काठावरच्या झोपड्यांनी! धावपट्टीनं नाही, भरणीनं नाही. वस्तीत मोजणीला माणसं आली. शेजारची म्हातारी दारात उभी. साहेब म्हणाला, "आजी, 2000 सालाच्या आधीचा पुरावा?" ती म्हणाली, "बाबा, माझं बाळंतपण इथं झालं, नवरा इथनं उचलला, अजून कसला पुरावा?" साहेबानं कागदावर रेघ मारली. त्या एका रेघेनं चाळीस वर्षं वाहून गेली. पुरानं जे नेलं नाही ते रेघेनं नेलं.

आता तिसरं सोनं. हे खरंखुरं, पिवळं. पुलाजवळच्या गल्लीत पोरं जुने कॉम्प्युटर फोडतात. त्यातल्या पाट्यांना, पिनांना सोन्याचा मुलामा असतो, केसाहूनही बारीक. तेजाबात टाकून ते काढायचं. जुन्या काळी सोनाराच्या दुकानापुढची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी होते, तसे हे नवे झारेकरी. सॅक्रामेंटोकडे लोक नदीत वाळू धूत होते, इथं पोरं नदीकाठी तेजाब ओततात. आमच्या गल्लीतल्या एकाची बोटं बघा, सोळा वर्षांचा आहे, नखं उरली नाहीत. सोनं जातं झवेरी बाजाराकडे, तेजाब जातो मिठीत, बोटं राहतात त्याची त्याच्यापाशी. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, त्यातली एखादी पाटी आमच्याकडचीही असेल."

म्हणून सांगतो. मिठीचा काठ उद्या सुशोभित होईल. बाकडी येतील, दिवे येतील, इतिहासाची एखादी सुंदर पाटीही लागेल. सॅक्रामेंटोतही नदीजवळ गरिबांची वस्ती होती. जपानी, काळे, मेक्सिकन, हंगामी मजूर. 1950 नंतर पुनर्विकासाच्या नावाखाली त्यातली बरीचशी पाडली, माणसं पांगली, आणि उरलेला तुकडा 'ऐतिहासिक' म्हणून जपला. इतिहास जपायला आधी माणसं हलवावी लागतात की काय, हा माझा प्रश्न आहे. आपल्या काठावर पाटी लागेल तेव्हा तीवर शेठ असतील, गव्हर्नर असतील. रिंगखात्यातला आजा असेल का? पत्र्यावर चढलेली आई? बिननखांचा तो पोरगा?

नुसत्या घोषणेनं ते होणार नाही. कागद लागेल. आपल्याला कागदानं मारलंय, तर कागदच शिकायला हवा. प्रत्येकानं आपल्या गल्लीतली दहा घरं घ्या. कोण कुठल्या गावाहून, कुठल्या साली आलं, कुठल्या खात्यात होतं, पुरात काय गेलं, सगळं लिहा. म्हातारीला बोलतं करा, ती दमली की चहा द्या, घाई करू नका. जे पास, पावत्या, कार्डं उरली असतील त्यांच्या नकला करा आणि तीन ठिकाणी ठेवा. एक नकल नदीपासून लांब, वरच्या मजल्यावर. हसू नका, हे मी ट्रंक उघडून शिकलोय.

मी माझ्यापासून सुरुवात केलीय. वहीच्या पहिल्या पानावर आजाचं नाव लिहिलंय आणि खाली, खातं : रिंग. साल आठवत नाही म्हणून जागा कोरी ठेवलीय. कुणाच्या घरी त्या काळचा माणूस जिवंत असेल तर मला त्याच्याकडे घेऊन चला.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता चुनाभट्टी स्टेशनबाहेर जमायचं. वही-पेन आणा. गमबूट असतील तर घाला, काठाला चिखल आहे.

जय भीम.