विमानवाहू नौकेचा खरा हिशेब



विमानवाहू नौकेचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून आले की डोळ्यांत भरतो तो तिचा अजस्र आकार. विमान उडवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती फारच तोकडी असते. जमिनीवर लढाऊ विमानाला दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी मिळते. नौकेवर फार तर दोनशे मीटर. ही तूट कशी भरून काढायची, हा प्रश्न वरकरणी केवळ यंत्रशास्त्राचा वाटतो. पण त्याच्या उत्तराचा भार देशाच्या तिजोरीवर तीस-चाळीस वर्षे राहतो, आणि लोकसभेत त्याची चर्चा क्वचितच होते.

एक उत्तर कॅटपल्टचे. गोफणीतून दगड सुटावा तसे, वाफेच्या दाबाने, उभ्या विमानाला दोन-तीन सेकंदांत ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग देऊन फेकायचे. ब्रिटनने १९५० मध्ये ‘पर्सियस’ नौकेवर या वाफेच्या यंत्राच्या चाचण्या घेतल्या. पुढे ब्रिटननेच ही विद्या सोडली आणि पाश्चात्त्य जगात अमेरिका हीच तिची एकमेव पुरवठादार उरली. फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’वरील यंत्रेदेखील अमेरिकी बनावटीची आहेत. दुसरे उत्तर ‘स्की-जंप’चे: नौकेचे नाक वर वळवायचे आणि विमानाने स्वतःच्या इंजिनाच्या बळावर त्यावरून झेप घ्यायची. उतरताना मात्र या दोन्ही प्रकारांत विमानाचा आकडा आडव्या पोलादी तारेत अडकावा लागतो. तार हुकली तर पुन्हा उडता यावे म्हणून चाके टेकताच वैमानिक इंजिन पूर्ण जोराने चालवतो. थांबण्यासाठी वेग वाढवायचा, असा हा उफराटा व्यवहार आहे! तिसरे उत्तर हॅरियरसारख्या, उभ्या रेषेत उतरणाऱ्या विमानाचे.

भारताने ही तिन्ही उत्तरे वापरून पाहिली आहेत. १९६१ मध्ये नौदलात आलेल्या पहिल्या ‘विक्रांत’वर कॅटपल्ट होते, आणि १९७१ च्या युद्धात कॉक्स बझार व चितगाववर हल्ले करणारी सी हॉक विमाने त्यावरूनच उडाली. पुढे ते काढून सी हॅरियरसाठी स्की-जंप बसवण्यात आला. ‘विक्रमादित्य’ आणि २०२२ ची नवी ‘विक्रांत’ या दोन्ही नौका स्की-जंप व तारांच्या आहेत.

स्की-जंपला अवजड यंत्रसामग्री लागत नाही, म्हणून नौका स्वस्त पडते. पण इंधन आणि शस्त्रे पुरेपूर भरून विमानाला उडता येत नाही. दूरवरचा शत्रू टिपणारे अवजड रडार-विमान तर त्यावरून उडवलेच जात नाही. भारताला ते काम कामोव्ह हेलिकॉप्टरांवर भागवावे लागते. शिवाय स्की-जंपवर चालणारी आणि तारेचा झटका सोसणारी विमाने जगाच्या बाजारात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. ग्राहक एकदा अशी नौका घेऊन बसला की भाव विक्रेता ठरवतो.

‘विक्रमादित्य’च्या व्यवहारात जहाजाचा सांगाडा फुकट, फक्त दुरुस्ती-फेरबांधणीचा खर्च द्यायचा, असे सांगितले गेले. २००४ मध्ये तो खर्च ९७.४ कोटी डॉलर ठरला आणि २०१० पर्यंत २३० कोटींच्या पुढे गेला. तिच्यासाठी घेतलेल्या मिग-२९ के विमानांविषयी महालेखापरीक्षकांचा २०१६ चा अहवाल कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावा. ४५ विमाने घेतली गेली. पण त्यातील एकआसनी विमानांची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के एवढीच होती. स्वीकारलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० सेवेतून काढून घ्यावी लागली. नौकेवर उतरतानाच्या धक्क्यांनी विमानांत बिघाड होतात, अशीही नोंद आहे. नौकेवर उतरण्यासाठीच घेतलेल्या विमानाबद्दलची ही नोंद आहे, हे ध्यानात घ्यावे.

नवी ‘विक्रांत’ कोचीच्या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात बांधली गेली. तिच्यासाठीचे पोलाद परदेशातून मिळेना, तेव्हा संरक्षण संशोधन प्रयोगशाळा आणि ‘सेल’ यांनी ते देशातच तयार केले. ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे आणि सार्वजनिक क्षेत्राला उठताबसता नावे ठेवणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. नौकेला खर्च आला सुमारे २०,००० कोटी रुपये. तिच्यावरून उडवण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला, तो सुमारे ६३,००० कोटींचा. त्यात शस्त्रे, प्रशिक्षण, देखभाल हे सारे धरलेले आहे हे मान्य; तरीही घरापेक्षा घरातल्या सामानाला तिप्पट पैसे मोजल्यासारखे हे झाले. स्वदेशी नौदल-तेजसने जानेवारी २०२० मध्ये ‘विक्रमादित्य’वर उतरून आणि उडून दाखवले, त्यासाठीचा सराव गोव्याच्या ‘हंसा’ तळावर झाला. पण एका इंजिनाच्या त्या विमानाची ताकद नौदलाच्या गरजेला अपुरी ठरली, आणि दोन इंजिनांचे नियोजित विमान अजून आकाशात झेपावलेले नाही.

विमानावाचून नौकेचे काय होते, याचे दाखले आशियातच आहेत. थायलंडची ‘चक्री नरुएबेत’ १९९७ मध्ये दाखल झाली. तिची हॅरियर विमाने २००६ मध्ये निवृत्त झाली आणि स्की-जंप शोभेपुरता उरला. तुर्कस्तानने ‘अनादोलू’ हे सैन्य किनाऱ्यावर उतरवणारे जहाज अमेरिकी एफ-३५ बी डोळ्यांसमोर ठेवून बांधायला घेतले. तुर्कस्तानने रशियाची क्षेपणास्त्रे घेतली, म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये त्याला त्या योजनेतूनच वगळले. तुर्कस्तानने हातपाय गाळले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच स्की-जंपवरून त्याचे स्वतःचे वैमानिकविरहित विमान उडाले आणि त्याच जहाजावर परत उतरले. लढाऊ विमानाची बरोबरी त्याला येत नाही, पण त्यासाठी वॉशिंग्टनची परवानगीही लागत नाही.

भारतात तिसऱ्या विमानवाहू नौकेचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. नौका हवी की नको, याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण प्रस्ताव येईल तेव्हा पोलादाच्या किमतीवर समाधान मानू नये. विमाने कोणती आणि कोणाची, ती उडवण्याचे व थांबवण्याचे यंत्र कोण पुरवणार, पुरवठा थांबला तर पर्याय कोणता, आणि चाळीस वर्षांची देखभाल धरून एकूण रक्कम किती, एवढे तरी प्रश्न विरोधी बाकांवरील खासदारांनी पहिल्या हप्त्याला मंजुरी देण्यापूर्वी सभागृहात विचारावेत.