ताळेबंदात न बसलेली सायकल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त मी सोसायटीच्या हिशेबाविषयी बोलावं, असं समितीचं म्हणणं होतं. सहा वर्षं मी खजिनदार होतो, म्हणून. पण हिशेब दरवर्षी वार्षिक सभेत वाचले जातात आणि त्या वेळी कोण किती जागं असतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून आज फक्त एका नोंदीविषयी बोलतो. ती नोंद मीच केली होती आणि ती चुकली होती.

साल 2010. पार्किंगमध्ये दुचाक्या लावायला जागा उरली नव्हती. पंपाच्या खोलीमागे जुन्या सायकलींचा ढीग पडलेला. समितीने नोटीस लावली : पंधरा दिवसांत आपापल्या सायकली हलवा, नाहीतर भंगारात देण्यात येतील. खाली सही माझी. सोळाव्या दिवशी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. चौदा सायकली, वजन 246 किलो, भाव 14 रुपये, एकूण 3,444 रुपये. मी पावती फाडली, ‘इतर उत्पन्न’ या सदरात रक्कम जमा केली. ऑडिटरने एक शब्दही काढला नाही. हिशेब अगदी चोख होता.

त्या चौदांमध्ये एक सायकल माझ्या वडिलांची होती.

वडील अंबड तालुक्यात शिक्षक होते. 1954 साली, म्हणजे आपला भाग अजून हैदराबाद राज्यात होता तेव्हा, त्यांनी कुणाकडून तरी वापरलेली रॅले घेतली. काळी, चोवीस इंची, रॉड ब्रेकची. तीन पगार त्यात गेले, असं आई सांगायची. महिन्यातून एकदा ते पंचवीस किलोमीटर सायकल मारत जालन्याला यायचे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो याच कॅरिअरवरून घरी आली. मी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायला शिकलो तेही हिच्यावरच. बँकेत लागल्यावर मी स्कूटर घेतली, वडील थकले, आणि सायकल एका घरातून दुसऱ्या घरात नुसती हलत राहिली. इथे फ्लॅट घेतला तेव्हा ती पंपाच्या खोलीमागे उभी केली. नोटीस लिहिताना ती डोळ्यासमोर नव्हती असं नाही. ‘खजिनदारानेच आपली सायकल ठेवली’ असं कुणी म्हणू नये, एवढाच विचार मनात होता.

चार दिवसांनी मोठी बहीण आली आणि सहज म्हणाली, “दादांची सायकल कुठंय रे?”

मी भंगारवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, “साहेब, माल तर परवाच एमआयडीसीत गेला.” आपल्या जालन्यात सळईचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. देशभरातून भंगाराचे ट्रक इथे येतात. भट्टीत दीड हजार अंशांच्या वर लोखंड वितळतं आणि त्याच्या सळया होऊन बाहेर पडतात. यात वाईट काही नाही, शेकडो घरं त्यावर चालतात. ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणतात, त्यातलं सोनं आता बरंचसं लोखंडाचंच आहे. पण घरी येऊन मी कॅल्क्युलेटर काढला. अठरा किलो गुणिले चौदा. 252 रुपये. बँकेत अडतीस वर्षं लोकांच्या तारणाची किंमत ठरवली आणि स्वतःच्या घरातल्या वस्तूची मात्र वजनावर केली.

दुसऱ्याच वर्षी निवृत्त झालो. मग सुरू झालं ते, ज्याला आमच्या सौभाग्यवती ‘म्हातारचळ’ म्हणतात.

सुरुवातीला वाटायचं, निदान तशीच एखादी रॅले मिळावी. म्हणून भंगाराच्या दुकानांत, जुन्या जालन्यातल्या वाड्यांत, बंद पडलेल्या जिनिंगांच्या गोदामांत आणि खेड्यांवरच्या गोठ्यांत चकरा मारू लागलो. बँकेमुळे परतूर, घनसावंगी, भोकरदनकडे ओळखी होत्याच. एक गोष्ट लवकर कळली : “जुनी सायकल आहे का?” असं विचारलं की लोक “नाही” म्हणतात. “तुमच्या वडिलांकडे कोणती सायकल होती?” असं विचारलं की चहा येतो, गोष्टी निघतात, आणि शेवटी कुणीतरी उठून कडब्याच्या मागून सायकल ओढून आणतं.

ओळखायची कशी? रंगावर जाऊ नका. पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला बघा आणि चेन ज्याच्यावर फिरते त्या मोठ्या चाकाची नक्षी बघा. रॅलेला बगळ्याचं डोकं असतं. बीएसएला ती तीन अक्षरंच कापलेली असतात. मूळची बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. रजच्या चाकात हाताचा पंजा. हंबरच्या चाकात पाच माणसं नाचताना दिसतात आणि तिच्या पुढच्या चिमट्याला प्रत्येक बाजूला दोन-दोन नळ्या असतात. मागच्या चाकाला तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल, तर त्याच्यावरच सालाचे आकडे ठोकलेले असतात. चिंधीने पुसा आणि वाचा. जुन्या इंग्लिश सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 आरे, कारण ओझं मागे. तीच पद्धत आपल्याकडच्या सायकलींत उतरली.

आणि फक्त विलायतीच्या मागे लागू नका. मुंबईत वरळीला हिंद सायकल बनायची. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआयची हर्क्युलिस, 1951 मध्ये सोनिपतला अ‍ॅटलास, 1956 मध्ये लुधियानाला हिरो आली. देशातल्या शिक्षक, पोस्टमन, दूधवाल्यांना याच गाड्यांनी फिरवलं. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली बंद झाला तो 3 जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. साधी अ‍ॅटलास आणखी तीस वर्षांनी तुमची नातवंडं शोधत फिरतील.

पहिली सायकल मला बदनापूरकडच्या एका शेतात मिळाली. सेन-रॅले. पैसे दिले, टेम्पोत घातली आणि दोन घोडचुका केल्या. पहिली म्हणजे, हौसेने सगळा रंग खरवडून नवा चकचकीत काळा रंग मारला. मडगार्डवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा त्यात कायमच्या गेल्या. दुसरी म्हणजे, पायडलच्या मधल्या एक्सलच्या वाट्या बाजारातून आणून पान्याने जोर लावून बसवल्या. इतर सायकलींना तिथे इंचात 24 आटे असतात, रॅलेच्या घराण्यात 26. माझ्या जोराने आटेच मारले गेले. ती सायकल आजही माझ्याकडे आहे. दुरून छान दिसते, पण चालत नाही.

मग मी जुन्या जालन्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या दुकानात कधीकाळी तासावर सायकली भाड्याने मिळायच्या. त्यांनी माझी चकचकीत सायकल बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “साब, पैले पोंछो, फिर खोलो. रंग को हात मत लगाओ.” हाच माझा गुरुमंत्र.

पुढचं सगळं त्यांच्याकडे शिकलो. गंजलेली कॉटर पिन हातोडीने लगेच ठोकायची नाही. रॉकेल किंवा पातळ तेल सोडत तीन-चार दिवस थांबायचं, मग नट शेवटच्या आट्यांवर ठेवून, खाली भक्कम आधार देऊन एकच नेमका घाव. छर्रे नेहमी मोजून घ्यायचे आणि जुने पुन्हा टाकायचे नाहीत. क्रोमवरचा गंज साध्या पाण्यात बुडवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घासला तरी निघतो. फार गंजलेले सुटे भाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात ठेवायचे, पण हातमोजे घालून. ते विष आहे, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवायचं. चामड्याच्या सीटला तेल पाजायचं नाही, ती सैल पडून झोळी होते. सगळ्यात अवघड काम म्हणजे चाकाचा आउट काढणं. त्याला कान आणि संयम दोन्ही लागतात. माझ्याकडे पहिला कमी झालाय आणि दुसरा नुकताच आलाय.

पुण्याला मुलाकडे गेलो तेव्हा कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघितलं. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. पण मी जास्त वेळ थांबलो ते पंप, दिवे, घंट्या, पान्यांपाशी. एका माणसाने ध्यास घेतला तर एका शहराची आठवण कशी जपली जाते ते तिथे दिसतं. सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव होतं. जालन्याचं तसं नाव नव्हतं, पण जिनिंगचा भोंगा झाल्यावर रस्त्यावर ज्या सायकली दिसायच्या, त्या मी डोळ्यांनी पाहिल्यात.

आता शेवटची गोष्ट. ही आपल्या सोसायटीतलीच आहे आणि बी विंगमधल्या वहिनींची परवानगी घेऊन सांगतो. त्या समोर बसल्या आहेत, चुकलं तर दुरुस्त करतील.

तीन वर्षांपूर्वी समितीने पुन्हा पार्किंग साफ करायचं ठरवलं. या वेळी मी हात जोडून म्हटलं, नोटीस लावू नका, मी घरोघर जाऊन विचारतो. जिन्याखाली धुळीत एक सायकल होती. पुसली तर चिमट्याला चार नळ्या दिसल्या. हंबर! 1932 पासून हंबर रॅलेच्याच ताब्यात, म्हणजे आटे 26, हे आता मला शिकवायची गरज नव्हती. शोधत शोधत वहिनींच्या दारात गेलो. त्या म्हणाल्या, “भाऊजी, ती यांची. जिनिंगमध्ये मुनीम होते तेव्हाची. मुलगा म्हणतो देऊन टाक. मला काही बोलता येत नाही.”

मी म्हटलं, “द्यायचीच असेल तर आधी नीट करून देतो, मग ठरवा.”

चार महिने लागले. रंगाला हात लावला नाही. रॉकेलच्या चिंधीने पुसत गेलो आणि खालून हिरवा रंग आणि सोनेरी रेघ निघाली. सीटखाली तारेने बांधलेला सायकल करवसुलीचा पितळी बिल्ला निघाला. फक्त मागच्या मडगार्डला मोठा पोचा होता. लाकडी हातोडी घेऊन मी तो काढायला बसलो होतो, तेवढ्यात वहिनी खाली आल्या. म्हणाल्या, “तो राहू द्या.”

लग्नानंतरची पहिली आषाढी एकादशी. दोघं डबलसीट आनंदीस्वामींच्या दर्शनाला निघाले होते. कुंडलिकेच्या पुलाजवळ उतारावर यांना ब्रेक लागला नाही, दोघं पडले. वहिनींच्या बांगड्या फुटल्या, मडगार्डला पोचा आला. “रस्त्यात सगळे बघत होते आणि हे हसत सुटले. मी आठ दिवस बोलले नाही यांच्याशी,” एवढं सांगून त्या हसल्या. मी हातोडी खाली ठेवली.

त्या दिवशी मला वडिलांच्या सायकलचं वाटलं. तिच्या डाव्या मुठीला एक खोलगट भाग होता. कशाने पडला, कधी विचारलंच नाही. विचारायचं माणूस गेलं, आणि दाखवायची वस्तू मीच 14 रुपये किलोने दिली.

ती हंबर आता वहिनींचा नातू चालवतो. रोज नाही, रविवारी मोती तलावापर्यंत. कॉलेजात मित्र फोटो काढतात म्हणून असेल, पण चालवतो. पोचा जागेवर आहे.

मित्रहो, सगळ्याच जुन्या वस्तू ठेवाव्यात असं मी म्हणत नाही. फ्लॅट लहान आहेत. ज्या सायकलची फ्रेमच मोडली, तिचे सुटे भाग काढून घ्यावेत आणि बाकीचं भट्टीत जाऊ द्यावं. आतापर्यंत माझ्या हातून अकरा सायकली चालू झाल्या. तितक्याच मी सोडूनही दिल्या. वडिलांसारखी रॅले अजून मिळालेली नाही, आणि मिळाली तरी ती त्यांची नसेल, हे आता कळतं.

माझी समितीला विनंती एवढीच. यापुढे पार्किंग साफ करताना सायकलला आधी चिठ्ठी लावावी, मालकाच्या घरी जाऊन एकदा विचारावं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खाली आणून दाखवावी. मग काय ते ठरवा. आणि पंपाच्या खोलीमागची सहा फूट जागा मला द्या. दर रविवारी सकाळी आठ ते दहा मी तिथे असतो असं समजा. मुलांनो, पंक्चर काढायला शिकायचं असेल तर या. पाना माझा, ट्यूब तुमची.

2010 च्या त्या हिशेबात दुरुस्ती करता येत नाही, हे मला बँकेवाल्याला कळतं. पण 252 रुपये मी आज सोसायटीच्या नावाने आणले आहेत, या पाकिटात आहेत. खजिनदार साहेब, पावती फाडा. सदर लिहा : ‘सायकल दुरुस्ती’.