आत्मरति आणि अहंकार

१९३४ सालीं मुंबईच्या न्यायालयांत एका मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. मासिक होतें ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, आणि त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अपराध एवढाच, कीं वाचकांनीं हस्तमैथुनासारख्या खाजगी गोष्टींविषयीं विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरें दिलीं होतीं. बचावांत आंबेडकरांनीं हॅवलॉक एलिस ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचा आधार घेतला. कर्व्यांना दोनशें रुपये दंड झाला. प्रश्न मात्र राहिलेच.

त्याच जातीचा, पण क्वचितच उच्चारला जाणारा एक प्रश्न आहे : आपल्याच देहाचें, आपल्याच रूपाचें कामुक आकर्षण वाटणें हें काय आहे? कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या तरुणाला आरशापुढें असें वाटलें, तर त्यानें विचारावें कोणाला? कर्व्यांच्या काळीं हें गांव निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होतें. १९९९ पासून तें हिंगोली जिल्ह्यांत आहे. सरहद्दी बदलल्या, संकोच तोच. बोलावें तर ‘मिजासखोर’ म्हणून हेटाळणी, न बोलावें तर आपण विकृत आहों ही भीति मन पोखरीत राहते.

एलिसनेंच १८९८ सालीं ह्या प्रवृत्तीची तुलना ग्रीक पुराणांतील नार्सिससशीं केली. त्यावरून पुढें ‘नार्सिसिझम’ हा शब्द घडला. उपमा तशी फसवीच. नार्सिसस आरंभीं तळ्यांतलें प्रतिबिंब दुसऱ्या कोणाचें समजून भुलला. आपणच आपल्याला भावतों हें ज्याला ठाऊक आहे, तो फसलेलाच नसतो! फ्रॉइडच्या १९१४ च्या निबंधानंतर ह्या शब्दाचा अर्थ फार पसरला. आज तो बहुधा गर्विष्ठ, इतरांची कदर नसलेल्या स्वभावाला लावतात, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

आत्मरत मनुष्य लाजाळू, प्रेमळ, दुसऱ्यासाठीं झिजणाराही असूं शकतो. १९८९ सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड अपफेलबॉम ह्यांनीं, जोडीदाराच्या स्पर्शापेक्षां स्वतःच्याच स्पर्शानें ज्यांची वासना जागते, अशांसाठीं ‘ऑटोसेक्शुअल’ शब्द वापरला. हा रोग नव्हे. कांहींना जोडीदाराचेंही आकर्षण वाटतें, कांहींना अगदीं थोडें.

घरांतल्या वडील मंडळींचा ठराविक उपाय म्हणजे ‘लग्न करून द्या, सारें सुरळीत होईल’. ह्यांत मुलाचें कांहींच बदलत नाहीं. किंमत मोजते ती परक्या घरून आलेली मुलगी. नवऱ्याचें मन दुसरीकडे गुंतलें आहे असें समजून ती वर्षानुवर्षें अशा तिसऱ्या व्यक्तीचा शोध घेत बसते, जी मुळांत नसतेच.