हृदयस्नायूचे रक्षण आणि वेळेचा हिशेब
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांच्या भाषणातून)



गतवर्षी एका देणगीदारांनी आम्हांस विचारले, "झटक्यात हृदय वाचविणारे नवे औषध असेल तर सांगा, खर्च मी करतो." आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून आधी आमच्या हृदयरोगतज्ज्ञांपाशी बसून विषय समजून घेतला.

१९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी श्वानांच्या हृदयाची रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून मोकळी केली व मग ती सलग ४० मिनिटे बंद ठेवली. अशा हृदयांतील स्नायूंची हानी एरवीच्या केवळ २५ टक्के भरली. लहान आघाताने अॅडेनोसिनसारखी द्रव्ये पाझरतात, पेशीतील प्रथिनांची साखळी जागी होते आणि निरोप मायटोकाँड्रियापर्यंत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रापर्यंत, पोहोचतो. रक्तपुरवठा पूर्ववत होताना त्याच्या आवरणात जे छिद्र उघडून पेशी मरते, ते या निरोपामुळे मिटलेले राहते. रक्त परत येणेही घातक ठरावे, याचे आम्हांस नवल वाटले.

परंतु ते छिद्र मिटविण्यासाठी दिलेले सायक्लोस्पोरिन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९७० रुग्णांच्या चाचणीत निष्फळ ठरले. दंडावरील पट्टा फुगवून-सोडून हीच सावधता आणण्याचा उपाय २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत उपयोगी पडला नाही. मूळ प्रयोगातही रक्तवाहिनी तीन तास बंद राहिली तेव्हा पूर्वतयारीचा लाभ झाला नव्हता.

तेव्हा आम्ही वेळेचा हिशेब तपासला. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांत व्हावा, असा दंडक आहे. रात्री तो आमच्याकडे पाळला जात नव्हता. आधी केसपेपर, मग अनामत रक्कम, मग तंत्रज्ञ, हा क्रम आम्हीच घालून दिलेला होता! तो रद्द केला आहे. देणगीतून तातडीच्या विभागासाठी स्वतंत्र ईसीजी यंत्र घेतले व गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा साठा तेथेच ठेवला. देणगीदार किंचित हिरमुसले. यंत्र फार साधे आहे, असे त्यांना वाटले.

रुग्णांच्या आप्तांना एक विनंती. छातीत कळ आल्यास पित्त समजून सकाळची वाट पाहू नये. थेट आत यावे. खिडकीवरचे काम नंतर करता येईल.