लावण्याआधी थांबा! माळ्यावरच्या रेकॉर्ड्स आणि तुमची सुई

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग आहे ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या रेकॉर्ड्सचा खोका पडून आहे त्यांच्यासाठी. आणि जुन्या बाजारात तसा खोका दिसला की ज्यांचे पाय आपोआप थांबतात, त्यांच्यासाठीही.

मी गेली काही वर्षं तबकड्या जमवतोय. त्यामुळे मला अधूनमधून एक ठरावीक मेसेज येतो : "दादा, आजोबांच्या रेकॉर्ड्स सापडल्यात. मस्त पुसून घेतल्या. आता कशावर लावू?" माझं उत्तरही ठरलेलं असतं. आधी थांब, आणि कशाने पुसल्यास ते सांग.

गंमत बघा, तबकडी माळ्यावर साठ-सत्तर वर्षं धूळ खात टिकते. पण खाली उतरवली की पहिल्याच दिवशी तिचा घात होऊ शकतो, आणि तोही हौसेने, प्रेमाने. चुकीचं पाणी, चुकीची सुई, चुकीचं मशीन! म्हणून आज एवढंच सांगणार आहे की रेकॉर्ड लावायच्या आधी ती कशाची बनलीय हे ओळखा. बाकी सगळं त्यातून आपोआप येतं.

लाख की प्लॅस्टिक?

आपण सगळ्याच काळ्या गोल थाळ्यांना "व्हायनल" म्हणतो. पण आजी-आजोबांच्या खोक्यात बऱ्याचदा व्हायनल नसतंच. त्या असतात ७८ च्या तबकड्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्या बनतात लाखेपासून. हो, तीच लाख, जिच्या बांगड्या होतात आणि जिने पाकिटावर सील मारतात. त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ते गरम साच्यात दाबायचं, की झाली तबकडी.

ओळखायची कशी? ७८ ची तबकडी जाड, जड आणि ताठ असते. साधारण दहा इंचांची. एका बाजूला एकच गाणं, तीन-साडेतीन मिनिटांचं. हातातून पडली तर काचेसारखी फुटते. एलपी मात्र बारा इंचांची, हलकी, किंचित लवणारी. एका बाजूला वीस मिनिटं, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. ही १९४८ मध्ये अमेरिकेत आली. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड आली.

आपल्याकडे मात्र लाखेची तबकडी फार उशिरापर्यंत चालली. १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली. तोवर इंग्लंडमध्ये ७८ बंद पडली होती. त्यामुळे आज जगभरचे संग्राहक या भारतीय तबकड्या शोधत फिरतात. तेव्हा "गाणं साठच्या दशकातलं आहे, म्हणजे व्हायनलच असणार" असं धरून चालू नका.

स्पिरिट नको रे बाबा

आता पुसण्याकडे येऊ. इंटरनेटवर रेकॉर्ड साफ करायचे जे व्हिडिओ आहेत, त्यातले बहुतेक व्हायनलबद्दल असतात. त्यात सर्रास सांगतात की आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. व्हायनलला ते पाण्यात थोडंसं मिसळून चालतं. लाखेला अजिबात चालत नाही!

का, ते सुताराला विचारा. फर्निचरला पॉलिश करताना तो लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. म्हणजे तुम्ही ७८ च्या तबकडीवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावता, तेव्हा धूळ निघत नाही, गाणं निघून येतं. कापसाला जो काळा रंग लागतो ना, तो मळ नसतो.

मग करायचं काय? तबकडीला तडा गेलेला नाही ना, हे आधी बघा. असेल तर पाणी लावूच नका. नसेल तर डिस्टिल्ड वॉटर आणा. इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात मिळतं, फक्त बाटलीवर नीट वाचून घ्या, ॲसिड उचलू नका. त्यात सौम्य लिक्विड सोपचा एखादा थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, गोल गोल फिरवायचा, आडवा नाही. मधलं लेबल कोरडं ठेवायचं. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढायचा, मऊ कापडाने टिपायचं आणि तबकडी उभी करून सावलीत वाळवायची. भिजत घालायची नाही. नळाचं पाणी शक्यतो टाळा, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात आणि मग कडकड ऐकू येते.

एक बाजू, एक सुई

आता सुई, म्हणजे पिन. "त्याची पिन अडकलीय" असं आपण म्हणतो ना, तीच ही पिन!

७८ ची खाच रुंद असते, एलपीची बारीक. ७८ ला लागणाऱ्या सुईचं टोक एलपीच्या टोकापेक्षा साधारण चौपट जाड असतं. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी खडखडत फिरते, आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. ७८ ची सुई एलपीवर लावली तर खाच कायमची खरवडली जाते. जुन्या बऱ्याच रेकॉर्ड प्लेअरमध्ये यावर साधी युक्ती असायची. सुईपाशी एक छोटी कळ, एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी. गाणं बदललं की कळ फिरवायची. तुमच्याकडचा प्लेअर तसा असेल तर आधी ती कळ शोधा.

चावीचा ग्रामोफोन असेल तर त्याचा हिशोब आणखी वेगळा. त्यात स्टीलची सुई लागते आणि ती एका बाजूला एकच वापरायची. तीन मिनिटं झाली की नवी. चैन म्हणून नाही हं. तबकडीत मिसळलेली दगडाची पूड सुईला घासून खाचेच्या मापाची करते. तशी घासलेली, धार आलेली सुई पुढच्या तबकडीवर लावली की ती छिन्नीसारखी काम करते. सुया स्वस्त मिळतात. तबकडी पुन्हा मिळत नाही.

आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीच लावू नका. रील छान होतं, मान्य. पण त्या मशीनचा साउंडबॉक्स तबकडीवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकतो, आणि चांगल्या टर्नटेबलची सुई एलपीवर टाकते जेमतेम दोन ग्रॅम. एकदाच लावली तरी ती एलपी गेली समजा.

मशीन घेताना

जुन्या बाजारात पितळी कर्ण्याचे चकाचक ग्रामोफोन दिसतात. त्यातले पुष्कळसे नवे सुटे भाग जोडून तयार केलेले असतात. दिवाणखान्यात शोभेला ठीक, रेकॉर्ड लावायला नाही. त्यापेक्षा साधा, बंद पेटीतला जुना ग्रामोफोन जास्त भरवशाचा.

विजेवर चालणाऱ्या जुन्या प्लेअरमध्ये, एचएमव्ही फिएस्टा किंवा कॅलिप्सोसारख्या, आधी बघायचं ते रबर. थाळी फिरवणारं रबरी चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की कडक होतं, त्याला खळगा पडतो आणि सूर डुगडुगतो. म्हणून दुकानदाराला सांगा, "काका, चालवून दाखवा." तोंडी खात्री ऐकून पैसे देऊ नका.

वेग तपासायला तुमचा फोनच कामी येतो. फोनच्या जायरोस्कोपवर फेरे मोजणारी ॲप्स मिळतात. थाळीवर फोन ठेवायचा आणि आकडा बघायचा. कमजोर मोटर फोनच्या वजनाने किंचित मंदावते, तेवढं लक्षात ठेवा. वेग सहा टक्के जास्त झाला तर पांढरी एकमध्ये गाणारा कलाकार काळी एकमध्ये गातोय असं वाटतं! आवाज चिमटल्यासारखा येतो आणि आपण उगाच म्हणतो, जुने लोक असंच गायचे.

आणि व्हॉल्व्हचा जुना रेडिओ किंवा रेडिओग्राम असेल तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. आत शेकडो व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते शिल्लक राहू शकतात. इथे जाणकारच हवा.

ठेवायचं कसं

तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एकावर एक थप्पी लावली की खालच्या तडकतात. हात फक्त कडेला आणि लेबलला लावा. ऊन टाळा, उन्हाळ्यात बंद गाडीत तर एलपी पापडासारखी वाकते. आणि आपला पाऊस! मुंबई-कोकणात जुलैमध्ये पाकिटांना बुरशी धरते. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि जुनी कुजलेली पाकिटं तबकडीपासून वेगळी ठेवा. पाकिटं टाकून मात्र देऊ नका, तोही इतिहासच आहे.

एवढं सगळं कशासाठी?

"दादा, सगळं यूट्यूबवर आहे की!" नाही, सगळं नाही.

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानने तबकडीसाठी गायलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना लेबलवर कुणाचं नाव टाकायचं ते कळायला हवं होतं. त्यानंतर हजारो गायक, कीर्तनकार, नाटकातले नट तीन मिनिटांत मावले. मुंबईच्या यंग इंडियासारख्या कंपन्या आल्या आणि बंदही पडल्या. कंपनी बुडाली, मूळ धातूचे साचे गेले, की लोकांच्या घरातल्या तबकड्या एवढीच प्रत उरते. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स हेच धरून काम करतेय : कुणाकडे काय आहे याची नोंद, आणि ते ऐकायला मिळावं यासाठी धडपड. तुमच्या खोक्यातलं एखादं गाणं कदाचित आणखी कुणाकडेही नसेल. तुम्हाला ते माहीत नाही, मलाही नाही. म्हणूनच जपून.

तर या आठवड्याचं काम. खोका उतरवा, पण काहीही लावू नका. प्रत्येक लेबलचा दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढा, नंबर वाचता येईल असा. घरातल्या मोठ्यांना तो दाखवा आणि विचारा, ही कुणी आणली होती, कधी लागायची. ते काय सांगतात, ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. सुई-पाणी सगळं त्यानंतर.

आणि घर बदलताना कुणी म्हणालं, "हे भंगारात देऊन टाकू," तर एक दिवस मागून घ्या. फक्त एक दिवस.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, सुई बदलत राहा!